१२ व्होल्टचा शॉक लागत नाही, पण आग लागते! ट्रेलरमध्ये इन्व्हर्टर बसवताना नेमकं काय चुकतं?

इन्व्हर्टर म्हटलं की आपल्याला लोडशेडिंग आठवतं. जिन्याखाली ठेवलेला डबा, शेजारी सारखं डिस्टिल्ड वॉटर मागणारी बॅटरी आणि लाइट गेली की होणारा तो 'टक्' आवाज. पण गेल्या काही वर्षांत हाच डबा चाकांवर चढलाय. इन्स्टाग्रामवर 'व्हॅनलाइफ' शोधून बघा. जंगलात गाडी उभी, आत लॅपटॉप चालू, कॉफी मशीन चालू, आणि खाली कॅप्शन : '२००० वॅटचा इन्व्हर्टर बसवला, आता कुठेही राहा!'

दोन महिन्यांपूर्वी माझ्या मावसभावाचा टेक्ससहून व्हिडिओ कॉल आला. तो माझ्यापेक्षा बराच मोठा, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. त्याने सेकंड हॅण्ड ट्रॅव्हल ट्रेलर घेतला होता. म्हणजे पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढायचं छोटं घर. त्यात बेड, ओटा, बाथरूम, सगळं. त्याचा प्रश्न सोपा होता : "तू इंजिनिअर आहेस ना, मग सांग. २००० वॅटचा इन्व्हर्टर बसवलाय, पण कुकर लावला की बेडखालून वास येतोय. इन्व्हर्टर खराब निघाला का?"

मी सॉफ्टवेअरवाला. पण पहिल्या वर्षाला सगळ्या ब्रँचना इलेक्ट्रिकल असतं, ते इथे कामाला आलं. इन्व्हर्टर खराब नव्हता. बॅटरीही खराब नव्हती. फ्यूजही बसवलेला होता. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी बरोबर होती, आणि तरीही गादीखाली आग लागायच्या बेतात होती. कसं, ते समजून घेऊ.

हे सगळं आत्ताच का सुरू झालं?

यामागे तीन गोष्टी आहेत.

पहिली, कोविड. हॉटेलं बंद, विमानं बंद, मग अमेरिकेत लोकांनी चाकांवरची घरं विकत घ्यायला सुरुवात केली. २०२१ मध्ये तिथल्या कारखान्यांतून अशी ६ लाखांहून थोडी जास्त वाहनं बाहेर पडली. तो विक्रम होता. २०२३ मध्ये हाच आकडा सुमारे ३ लाख १३ हजारांवर, म्हणजे जवळपास निम्म्यावर आला. यात सर्वात मोठा वाटा ओढून न्यायच्या ट्रेलरचाच. तेव्हा हौसेने घेतलेले ट्रेलर आता दुसऱ्या हातात जातायत, आणि नवा मालक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे इलेक्ट्रिकल अपग्रेड. तेही बऱ्याचदा स्वतःच्या हाताने, व्हिडिओ बघून.

दुसरी, लिथियम बॅटरी स्वस्त झाली. २०१० च्या आसपास लिथियम बॅटरी पॅकची किंमत प्रति किलोवॅट-तास हजार डॉलरच्या वर होती. २०२४ मध्ये ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीत ती सरासरी ११५ डॉलरवर आली होती. पूर्वी ट्रेलरमध्ये एखादी लेड-ॲसिड बॅटरी असायची, तिच्यावर दिवे आणि पाण्याचा पंप चालायचा, बस्स. आता तेवढ्याच जागेत बरीच जास्त वीज मावते.

तिसरी, वर्क फ्रॉम होम. मे २०२२ मध्ये स्टारलिंकने खास अशा गाड्यांसाठी प्लॅन आणला आणि 'नेटवर्क नाही' हे कारणही संपलं. उरला प्रश्न विजेचा.

दादाकडे चौथं कारणही होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये बर्फाचं वादळ आलं आणि ४५ लाखांहून जास्त घरं आणि दुकानं अंधारात गेली. लहानपणी गावी लोडशेडिंग बघितलेला माणूस अमेरिकेत जाऊन पुन्हा मेणबत्ती शोधत बसला. तेव्हाच त्याने ठरवलं, आपली वीज आपल्याकडे पाहिजे.

इन्व्हर्टर वीज बनवत नाही

ट्रेलरमध्ये दोन प्रकारची वीज असते. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा हे सगळं १२ व्होल्ट डीसीवर, थेट बॅटरीवर चालतं. भिंतीतले सॉकेट, मायक्रोवेव्ह आणि एसी मात्र १२० व्होल्ट एसीवर. (अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०.) कॅम्पग्राउंडवर ट्रेलर खांबाला जोडला की सॉकेट जिवंत होतात. पण दादाला जायचं होतं न्यू मेक्सिकोत, सरकारी मोकळ्या जमिनीवर. तिथे बऱ्याच ठिकाणी साधारण १४ दिवस फुकट मुक्काम करता येतो, पण खांब नसतो. तिथे सॉकेट चालवायचे तर बॅटरीच्या १२ व्होल्ट डीसीचं १२० व्होल्ट एसी करावं लागतं. ते काम इन्व्हर्टरचं.

म्हणजे इन्व्हर्टर हा फक्त दुभाषा आहे. डब्यावर २००० वॅट लिहिलंय याचा अर्थ 'मी २००० वॅटपर्यंत रूपांतर करू शकतो' एवढाच. तेवढी वीज मागून येते का, आणि कुठल्या रस्त्याने येते, याची जबाबदारी त्याची नाही.

आता शाळेतलं सूत्र आठवा. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. १००० वॅटचा कुकर आपल्या घरी २३० व्होल्टवर लावला तर वायरमधून साधारण साडेचार अँपिअर करंट जातो. तोच कुकर १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टर लावून चालवला तर, रूपांतरातली गळती धरून, बॅटरीकडच्या वायरमधून जातात जवळपास ९० अँपिअर! काम तेच, पण करंट वीस पट.

आणि वायर किती तापते हे व्होल्टवर ठरत नाही, करंटवर ठरतं. तेही वर्गाच्या हिशेबाने : करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. '१२ व्होल्टच तर आहे, काय होतंय' हे वाक्य म्हणून धोक्याचं. हात लावला तर शॉक बसत नाही हे खरं, पण म्हणूनच माणूस बेफिकीर होतो.

दादाच्या बेडखाली काय चाललं होतं?

त्याची बॅटरी होती ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर, १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट. इन्व्हर्टर त्याने आत बेडखाली ठेवला, कारण तिथे जागा होती. अंतर सुमारे ३ मीटर. इन्व्हर्टरसोबत आलेली वायर पुरेना, म्हणून त्याने दुकानातून १० स्क्वेअर एमएमची वायर आणून जोडली. दिसायला ती जाडच होती. आपल्या घरात सॉकेटला अडीच किंवा चारची असते, त्यापुढे १० म्हणजे दांडगीच वाटणार.

आता हिशेब बघा. जायचे ३ मीटर, यायचे ३ मीटर, एकूण ६ मीटर तांबं. १० स्क्वेअर एमएमच्या वायरला एवढ्या लांबीत सुमारे ०.०११५ ओहम रोध असतो. ऐकायला काहीच नाही. पण ९० अँपिअरचा वर्ग गुणिले ०.०११५ केलं तर येतात सुमारे ९३ वॅट. म्हणजे कुकर चालू असताना जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब जेवढी उष्णता देतो, जवळपास तेवढी त्याच्या गादीखाली, प्लायवूडला चिकटून निघत होती.

मग कुणीच का थांबवलं नाही?

बॅटरीत बीएमएस असतं, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट. त्याची मर्यादा होती १०० अँपिअर. ९० जात होते, म्हणून ते गप्प. इन्व्हर्टर व्होल्टेज फार पडलं की बंद होतो. वायरमध्ये १ व्होल्ट पडत होता, पण १३ चे १२ झाले तरी त्याच्या दृष्टीने ठीकच होतं, म्हणून तोही गप्प. आणि फ्यूज? दादाने फ्यूज बसवला होता २०० अँपिअरचा, कारण इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत तसं लिहिलं होतं. ९० अँपिअरला २०० चा फ्यूज कशाला उडेल?

गडबड इथे होती. पुस्तिकेतला फ्यूज पुस्तिकेतल्या वायरसाठी होता, आणि वायर याने बदलली होती. फ्यूज उपकरणाला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. त्या १० एमएमच्या वायरची ऐपत साठ-सत्तर अँपिअरची, आणि पहारेकरी जागा होणार २०० वर. मधल्या सगळ्या टप्प्यात पेटणारी वस्तू एकच उरते, ती म्हणजे वायर.

आमच्या कामात असं रोज होतं. प्रत्येक मॉड्यूलची टेस्ट पास, सगळीकडे हिरव्या टिका, आणि एकत्र जोडलं की सिस्टिम कोसळते. फरक एवढाच की तिथे सर्व्हर रीस्टार्ट करता येतो. इथे वहिनीला वेळेत वास आला आणि तिने बटण बंद केलं. वायरवरचं प्लास्टिक मऊ पडून गादीच्या कापडाला चिकटलं होतं. त्या रात्री मुलं त्याच बेडवर झोपणार होती.

मग उपाय काय केला?

उत्तर ऐकायला सोपं आहे : कमी व्होल्टची वायर आखूड ठेवा, जास्त व्होल्टची लांब चालेल.

दादाने इन्व्हर्टर बेडखालून काढून ट्रेलरच्या पुढच्या सामानाच्या कप्प्यात, बॅटरीपासून हाताच्या अंतरावर नेला. बॅटरी ते इन्व्हर्टर वायर घेतली ७० स्क्वेअर एमएमची, एका बाजूने पाऊण मीटरची. आता त्याच कुकरला तिच्यात जेमतेम ३-४ वॅट वाया जातात. इन्व्हर्टरपासून ओट्यापर्यंतची १२० व्होल्टची वायर लांब झाली, पण तिच्यातून जातात आठ-नऊ अँपिअर. त्याला घरगुती वायर पुरते.

फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून एका वितीच्या आत बसवला. कारण फ्यूजच्या अलीकडे जी वायर उरते तिला कुणी वाली नसतो. तिथे शॉर्ट झालं तर लिथियम बॅटरी क्षणात हजारो अँपिअर ओतू शकते. म्हणून फ्यूजही एवढा करंट तोडण्याच्या क्षमतेचा घ्यावा लागतो. अमेरिकेत यासाठी 'क्लास टी' फ्यूज वापरतात. घरातला साधा एसीचा एमसीबी इथे चालत नाही. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणली जाते आणि एमसीबीच जळतो.

टोकाचे लगही त्याने हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घेतले. पकडीने ठोकलेला लग बाहेरून घट्ट दिसतो, पण आत पोकळी राहते, आणि सगळी उष्णता त्या एका ठिपक्यावर जमा होते.

आणि तरीही मायक्रोवेव्ह चालला नाही

हा भाग मोबाइलवाल्यांना लगेच कळेल. पॉवर बँकवर 'किती एमएएच' हे एक आणि 'किती वॅट फास्ट चार्जिंग' हे दुसरं. ट्रेलरच्या बॅटरीचंही तसंच आहे.

दादाच्या बॅटरीत १२.८ व्होल्ट गुणिले १००, म्हणजे १२८० वॅट-तास साठा. पण बीएमएसमुळे एका क्षणी ती १०० अँपिअरच देणार. म्हणजे इन्व्हर्टरमधून बाहेर पडणार साधारण ११०० वॅट. डब्यावर २००० लिहिलेलं असलं तरी! १००० वॅटचा मायक्रोवेव्ह लावला की ट्रेलरमधले दिवेसुद्धा बंद व्हायचे. कारण १००० हा आकडा जेवणाला मिळणाऱ्या ऊर्जेचा असतो. भिंतीतून तो साधारण १५०० वॅट ओढतो. बीएमएसने १३० अँपिअर बघितले की थेट शटर डाउन. शेवटी तशीच दुसरी बॅटरी समांतर जोडावी लागली. त्यामुळे एकूण मर्यादा २०० अँपिअर झाली आणि २००० वॅटचा इन्व्हर्टर खऱ्या अर्थाने २००० चा झाला.

साठ्याचा हिशेबही एकदा करून बघा :

- दोन लॅपटॉप, प्रत्येकी ६० वॅट, ८ तास : ९६० वॅट-तास
- सॅटेलाइट इंटरनेटची डिश, ६० वॅट, ८ तास : ४८० वॅट-तास
- इन्व्हर्टर नुसता चालू, काही न लावता, २० वॅट, २४ तास : ४८० वॅट-तास

झाले १९२०. एका बॅटरीत होते १२८०. अजून चहासुद्धा केलेला नाही! छतावरचा एसी तर विसराच. तो चालताना १३०० ते १५०० वॅट खातो, म्हणजे एक अख्खी बॅटरी तासभरही पुरत नाही. छतावर २०० वॅटचं सोलर पॅनेल असेल तर चांगल्या उन्हाच्या दिवशी आठशे वॅट-तासांच्या आसपास मिळतात.

तिसऱ्या ओळीकडे पुन्हा बघा. काहीही न करता बसलेला इन्व्हर्टर दिवसाला एवढी वीज खातो. म्हणून फोन, दिवे, १२ व्होल्टचा फ्रिज, यूएसबी-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप हे थेट डीसीवर चालवा आणि इन्व्हर्टर लागेल तेवढाच लावा. बॅटरीच्या डीसीचं एसी करायचं आणि मग चार्जरने त्याचं पुन्हा डीसी करायचं, हा द्राविडी प्राणायाम कशाला?

दोन चुका ज्या व्हिडिओत दिसत नाहीत

पहिली : 'सोपी ट्रिक' म्हणून लोक ट्रेलरचा मुख्य प्लगच इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये खुपसतात. सगळे सॉकेट चालू होतात हे खरं. पण त्याच प्लगवर ट्रेलरचा बॅटरी चार्जरही असतो. म्हणजे बॅटरी इन्व्हर्टरला वीज देते, इन्व्हर्टर चार्जरला आणि चार्जर पुन्हा बॅटरीला! पॉवर बँकची केबल तिच्याच दुसऱ्या पोर्टमध्ये घालावी तसं. प्रत्येक फेरीत थोडी वीज उष्णता होऊन जाते. अशा वेळी चार्जरचा ब्रेकर आधी बंद करायला हवा.

दुसरी जास्त गंभीर : खांबाची वीज आणि इन्व्हर्टरची वीज एकाच वायरिंगवर एकाच वेळी कधीच येता कामा नये. त्यासाठी ट्रान्सफर स्विच लागतो. तो एक जोडण्याआधी दुसरं तोडतो. अर्थिंग आणि न्यूट्रल यांची जोडणीही त्याबरोबर बदलावी लागते. नाहीतर शॉकपासून वाचवणारं यंत्र बसवलेलं असूनही ऐन वेळी ट्रिप होत नाही. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं. दादानेही ते स्वतः केलं नाही.

आपल्याकडे याचा काय संबंध?

आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी तशी योजना जाहीर केली. कारखान्यात किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी बनणाऱ्या मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे भारतीय मानक आहे. दुसरीकडे, मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल मनाने करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच मुद्द्यावर कडक भूमिका घेतली. त्यामुळे जुनी व्हॅन घेऊन घरीच कॅम्पर बनवायचा विचार असेल तर आधी आरटीओ आणि विमा कंपनी, मग ड्रिल मशीन.

आपल्याकडची आणखी एक सवय इथे नडते. घरचा इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी उचलून गाडीत ठेवायची. ही बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. जिन्याखाली हवा खेळती असते, बंद गाडीत नसते. झोपायच्या जागेत ती नकोच. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरही भरवसा नको. त्याचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा, म्हणजे फार तर दीडशे-पावणेदोनशे वॅट. तो उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणारे महाभाग आहेत. दादाच्या बेडखाली जे झालं तेच ते डॅशबोर्डच्या आत करतात.

खरं तर गाड्या बनवणाऱ्या कंपन्या हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवतायत. ह्युंदाई आयोनिक ५ मधून ३.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर काढता येते. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या नेक्सॉन ईव्हीतही 'व्हेइकल टू लोड' सुविधा आली. आतमध्ये काम इन्व्हर्टरचंच आहे, पण बॅटरी शेकडो व्होल्टची असल्याने करंट कमी, आणि वायर, फ्यूज, बॅटरी एकमेकांना मोजून लावलेले. वर्षातून चारदा कॅम्पिंगला जाणाऱ्याला तयार पोर्टेबल पॉवर स्टेशनही पुरतं. वॅटमागे पैसे जास्त जातात, पण जुळणीची जबाबदारी आपल्यावर राहत नाही.

तरीही स्वतः बसवायचाच असेल, तर दुकानदाराला 'किती वॅटचा?' हे शेवटी विचारा. आधी चार आकडे कागदावर लिहा : एका वेळी जास्तीत जास्त किती वॅट लागणार, त्याला १० ने भागून बॅटरीकडून अंदाजे किती अँपिअर येणार, तेवढे अँपिअर बीएमएस देईल का, आणि तेवढ्यासाठी वायर किती एमएमची. फ्यूज त्या वायरच्या ऐपतीपेक्षा कधीही मोठा नाही.

दादाचा ट्रेलर गेल्या महिन्यात न्यू मेक्सिकोला जाऊन आला. वहिनीने कुकरचा फोटो पाठवला, आत साबुदाण्याची खिचडी. दादाने पाठवला त्याच वेळी घेतलेला वायरच्या तापमानाचा फोटो : ३४ अंश. मला दुसरा फोटो जास्त आवडला.